उंदरांच्या बिलाचं तिकीट : रारोटोंगावरची काकेरोरी फेरी

रारोटोंगावर गेलात तर एक सकाळ समुद्राकडे पाठ करून घालवा. दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांमधलं हे मुख्य बेट जेमतेम ६७ चौरस किलोमीटरचं, किनाऱ्याने फिरणारा रस्ता ३२ किलोमीटरचा. बहुतेक पर्यटक त्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूलाच सुट्टी काढतात. डोंगराकडच्या बाजूला, बेटाच्या आग्नेयेला, अवाना, तुरोआ आणि टोटोकोइटू या तीन खोऱ्यांत १५५ हेक्टरचं टाकिटुमू संवर्धन क्षेत्र आहे. तिथे वाटाड्यासोबत पायी फेरी करता येते आणि काकेरोरी नावाचा छोटा पक्षी पाहता येतो. बेटावर एकाच गोष्टीसाठी पैसे मोजायचे असतील तर ते या फेरीसाठी मोजावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते सविस्तर सांगतो, आणि कुठे निराशा होऊ शकते तेही.

हे सरकारी अभयारण्य नाही. कुक बेटांवर जमीन विकता येत नाही. ती कुळाकडेच राहते, फार तर भाडेपट्ट्याने देता येते. या तीन खोऱ्यांची मालकी कायनुकू, कारिका आणि मानावारोआ या तीन कुळांकडे आहे. १९९६ साली त्यांनी आपली जमीन संवर्धन क्षेत्र म्हणून राखायचं ठरवलं. म्हणजे फेरीला जाता तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी घरच्या रानात पाहुणे असता. वाटाड्या सांगेल तिथे थांबायचं, नाही म्हणेल तिथे पाऊल टाकायचं नाही, हे मनात पक्कं ठेवून जा. कोकणातल्या देवराईत वावरताना जी अदब आपोआप येते, तीच इथे चालते.

काकेरोरी हा माशीमार कुळातला पक्षी, लांबीला साधारण १५ सेंटिमीटर. जगात तो मूळचा फक्त रारोटोंगाचा. १९८९ साली त्याची मोजणी झाली तेव्हा २९ पक्षी उरले होते. त्याच सुमारास स्थानिक संवर्धन खातं आणि न्यूझीलंडचे संशोधक यांनी मिळून घरटी का फसतात याचा छडा लावला. जंगल तोडलं जात नव्हतं, अन्न कमी पडत नव्हतं. अंडी आणि पिल्लं काळा उंदीर खात होता, आणि मांजरं पूर्ण वाढलेल्या काकेरोरींनाही उचलत होती. काकेरोरी एका वेळी दोनच अंडी घालतो. ओढ्याच्या कडेला, फांदीच्या बेचक्यात, शेवाळाची वाटी करून. उंदराची एक रात्र म्हणजे त्या जोडीचं अख्खं घरटं वाया.

हा काळा उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावर, नारळीच्या शेंड्यात, भाताच्या कणगीत सापडतो तोच. त्याचं मूळ भारतीय उपखंडातलं, जहाजांतून तो जगभर पसरला. पॉलिनेशियन लोक आपल्या होड्यांतून आधीच एक छोटा उंदीर घेऊन आले होते, पण तो झाडावर चढून घरटी लुटण्यात काळ्या उंदराइतका तरबेज नाही. ओळखायला सोपी खूण : काळ्या उंदराची शेपटी डोकं आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब असते आणि कान मोठे, पातळ.

फेरीचा खरा मोबदला इथे आहे. पक्षी दिसतो तो आनंद आहेच, पण उंदरांशी लढाई कशी चालते हे जवळून पाहायला मिळतं, तेही ती लढणाऱ्या माणसांकडून. वाटेवर ठरावीक अंतराने विषाच्या आमिषाच्या पेट्या दिसतील. त्यांच्याजवळ थांबा आणि प्रश्न विचारा. आमिषात रक्त गोठू न देणारं औषध असतं. ब्रोडिफाकोम हे त्यातलं सगळ्यात प्रभावी. उंदराच्या शरीरात रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर थांबतो आणि काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन तो मरतो. हे काही दिवस फार महत्त्वाचे. उंदीर नव्या खाण्याला बिचकतो, आधी किंचित चाखतो आणि वाट पाहतो. झटपट मारणारं विष असेल तर चाखून आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या वाटेला जात नाही. इथे दुखणं इतकं उशिरा येतं की खाण्याशी त्याचा संबंध त्याला लागतच नाही. पेट्या वर्षभर जागेवर ठेवण्याचं कारणही हेच. हंगामाच्या तोंडावर नवी पेटी आणून ठेवली तर पहिले कित्येक दिवस उंदीर आत शिरत नाहीत, आणि तेवढ्यात अंडी पडलेली असतात.

वेळापत्रक पक्ष्याच्या विणीवर बांधलेलं आहे. वीण साधारण ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून आमिष भरण्याची धावपळ सप्टेंबरापासून डिसेंबरापर्यंत. एखाद्या आठवड्यात पाऊस लागला, ओढे फुगले, माणूस वर पोचला नाही, की त्या घळीतल्या पेट्या रिकाम्या पडतात आणि उंदरांना मोकळं रान मिळतं. आणखी एक अडचण जमिनीवरच्या खेकड्यांची. या विषाचा खेकड्यांवर परिणाम होत नाही, पण आमिष मात्र ते फस्त करतात, त्यामुळे उष्ण बेटांवर हिशेबापेक्षा जास्त आमिष लागतं. दमट खोऱ्यात साध्या गोळ्यांना बुरशी येते, म्हणून मेणात घातलेले ठोकळे बरे पडतात. आमिष उघड्यावर टाकून चालत नाही, कारण हे विष प्राण्याच्या यकृतात महिनोन्‌महिने राहतं. मेलेला उंदीर डुकराने खाल्ला आणि ते डुक्कर माणसाने खाल्लं, तर साखळी थेट स्वयंपाकघरापर्यंत येते. रारोटोंगावर घरोघरी डुकरं पाळलेली असतात, त्यामुळे पेटी कशी असावी आणि कुठे असावी याची काळजी घ्यावीच लागते.

घरट्याच्या झाडांना पत्रा बांधण्याची रीत मराठी वाचकाला, विशेषतः कोकणातल्या माणसाला, लगेच उमगेल. खोडाभोवती गुळगुळीत ॲल्युमिनियमचा पट्टा गुंडाळतात, त्यावर उंदराची नखं रुतत नाहीत आणि तो घसरतो. नारळीला आपण दोनेक मीटर उंचीवर पत्रा मारतो ते याच तत्त्वाने. दोन्हीकडे फसण्याची कारणंही तीच. शेजारच्या झाडाची फांदी किंवा झावळी टेकली की पत्र्याचा काही उपयोग राहत नाही, उंदीर त्या पुलावरून येतो. पट्टा घट्ट खिळ्यांनी ठोकला तर खोड जाड होताना साल काचते, म्हणून टोकं एकमेकांवर चढवून, खोड वाढेल तशी सरकतील अशी बांधायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेली. मिकानियासारखी वेल भराभर वाढते, तिची एक फांदी पत्र्यावरून वर गेली की उंदराला आयती शिडी मिळते. फेरीत असा पट्टा दिसला तर जवळ जाऊन पाहा, हात न लावता. खालच्या कडेशी सालीवर नखांचे ओरखडे आहेत का ते शोधा. ते तिथेच थांबलेले दिसले तर पट्टा काम करतोय.

या सगळ्यात एक गोष्ट पैशाची आहे, आणि ती लपवण्यासारखी नाही. १५५ हेक्टरांना कुंपण नाही. भोवताली अख्खं बेट उंदरांनी भरलेलं आहे. हद्दीच्या आतले उंदीर मारले की बाहेरचे आत येतात, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, दरवर्षी नव्याने करावं लागतं. निर्जन बेटावर हेलिकॉप्टरने आमिष टाकून उंदीर कायमचे संपवता येतात. गावं, शेतं, डुकरं, कुत्री आणि मुलं असलेल्या बेटावर तसं करता येत नाही. बाहेरचा निधी प्रकल्प सुरू करताना मिळतो, विसाव्या वर्षी पेट्या भरायला मिळणं अवघड असतं. फेरीचं तिकीट नेमकं या जागी कामाला येतं. आपण एका अर्थी उंदरांच्या बिलातला वाटा उचलत असतो. दर जास्त वाटला तर हा हिशेब आठवा.

आता प्रत्यक्ष चालण्याविषयी. अर्धा दिवस राखून ठेवा आणि सकाळची वेळ घ्या. रोज, मागाल तेव्हा फेरी मिळेल असं धरून चालू नका. विमानाचं तिकीट काढतानाच नोंदणी करा आणि मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांतली तारीख मागा, म्हणजे पावसाने रद्द झाली तर पुढचा दिवस हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी ठेवलेली फेरी हुकली की हुकली. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, चालायला सोपा. ऑगस्ट आणि सप्टेंबर आम्हाला सगळ्यात आवडतात. ऑगस्टात वार्षिक मोजणी होते, त्यामुळे वाटाड्याकडे ताजे आकडे असतात, आणि विणीआधी पक्षी आपापल्या हद्दी सांभाळत असल्याने ठळकपणे दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर घरट्यांचा काळ. तेव्हा जायला हरकत नाही, पण घरट्यापाशी रेंगाळू नये. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम.

वाट खड्या चढाची नसली तरी ओल्या मातीची, मुळांची आणि ओढ्याकाठच्या निसरड्या दगडांची आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी. सँडल चालत नाही, खोबणीचे बूट हवेत. डास प्रचंड. बेटावर डेंग्यूच्या साथी येतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि डास पळवणारं मलम, तिन्ही गोष्टी न्या. मलम जंगलात शिरण्याआधी लावा, आणि हाताच्या तळव्यांना राहू देऊ नका. त्यातला डीट हा घटक दुर्बिणीच्या आणि कॅमेऱ्याच्या प्लास्टिकचा भाग खातो.

दुर्बीण ८ बाय ४२ ची उत्तम. १० पटीची नेण्याचा मोह टाळा. पक्षी बहुधा जवळच असतो आणि झाडांच्या छताखाली उजेड कमी, तिथे जास्त पट म्हणजे जास्त थरथर आणि अरुंद चित्र. दोन मीटरवर फोकस होणारी असेल तर सोनंच. फोटो काढणाऱ्यांनी आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यायची तयारी ठेवावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइलवर चांगला फोटो येईल ही आशा सोडलेली बरी.

काकेरोरी पाहताना वय ओळखायचा प्रयत्न करा, त्याने फेरीची मजा दुप्पट होते. पहिल्या वर्षातला पक्षी केशरी, चोचीच्या बुडाशी पिवळसर. दुसऱ्या वर्षीही केशरीच, पण चोच काळी. तिसऱ्या वर्षी केशरी आणि राखाडीची सरमिसळ. चौथ्या वर्षापासून वरून राखाडी आणि खालून पांढुरका. नर आणि मादी दोघंही असेच, म्हणजे रंग वय सांगतो, लिंग नव्हे. पायात रंगीत कडी दिसली तर रंगांचा क्रम वरून खाली आणि डावा-उजवा पाय वेगळा करून वाटाड्याला सांगा. त्या कड्यांवरूनच कोणता पक्षी किती वर्षं जगला हे कळतं. केशरी पक्षी जितके जास्त दिसतील तितकी गेल्या दोन हंगामांत उंदरांवरची पकड चांगली होती असं समजायला हरकत नाही. एवढी सरळ वाचता येणारी प्रगतिपुस्तिका फार थोड्या संवर्धन प्रकल्पांत पाहायला मिळते.

उणिवा आहेत. पक्ष्यांची यादी लांबवायची म्हणून आलेला निरीक्षक इथे खट्टू होईल. रारोटोंगाच्या जंगलात स्थानिक जाती मोजक्याच. काकेरोरीखेरीज इथलं फळकबुतर आणि मैनेएवढी मूळची मैना-कुळातली जात, एवढंच मुख्य. झाडं ओळखण्यात रस असेल तर मात्र बरंच हाती लागतं. किनाऱ्यालगत आपली उंडी, भेंडी आणि बारतोंडी भेटतात, खोऱ्याच्या तोंडाशी अळूची खाचरं, आणि वर गेल्यावर पॉलिनेशियन चेस्टनटच्या रुंद, पाखांसारख्या मुळ्या. दुसरी उणीव म्हणजे फेरीची गुणवत्ता वाटाड्यावर अवलंबून असते. स्वतःहून प्रश्न विचारणाऱ्या गटाला दुप्पट माहिती मिळते. गप्प राहिलात तर चालणं आणि पक्षी दाखवणं यावर फेरी आटोपू शकते. लहान मुलांना नेत असाल तर शांत बसवणं जमेल का याचा आधी विचार करा. आणि बेटाच्या मधून जाणारी पायवाट फुकट आहे म्हणून ती याऐवजी करू नका. ती सुंदर आहे, चढाची आहे, पण तिचा विषय वेगळा.

दोन दिवस आणि विमानाचे पैसे जास्त असतील तर ही फेरी अटिऊ बेटाला जोडा. रारोटोंगाच्या ईशान्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर, पाऊण तासाचं छोटं विमान. २००१ ते २००३ या काळात ३० काकेरोरी तिथे नेऊन सोडले. कारण साधं : सगळे पक्षी एकाच बेटाच्या एका कोपऱ्यात असतील तर एक चक्रीवादळ पुरेसं आहे. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागावर ओळीने पाच वादळं आली, तेव्हा तो विमा किती शहाणपणाचा होता हे कळलं. अटिऊच निवडलं, कारण तिथे काळा उंदीर पोचलेला नाही. म्हणूनच तिथल्या धक्क्यावर उतरणारा प्रत्येक खोका तपासणं हे पेट्या भरण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

अटिऊवर कुरा नावाचा लाल-हिरवा-जांभळा पोपटही दिसतो. सरदारांच्या पोशाखासाठी त्याची लाल पिसं इतकी काढली गेली की कुक बेटांवरून तो नाहीसा झाला. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रिमातारा बेटावर तो टिकला होता. तिथून २००७ च्या एप्रिलमध्ये २७ पक्षी अटिऊवर आणले. मग त्यांच्या पिल्लांना त्रास देणारा पक्षी लक्षात आला, तो म्हणजे आपली साळुंकी. नारळावरचे काडीकिडे खावेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला तिथे आणलं होतं. २००९ पासून गावकऱ्यांनी सापळे, विष आणि बंदूक वापरून ती बेटावरून हटवायला घेतली, मारलेल्या पक्ष्यामागे मोबदला दिला गेला, आणि शेवटच्या काही हुशार साळुंक्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. अशा मोहिमांत नेहमी हेच होतं. पहिले नव्वद टक्के सोपे असतात. उरलेल्यांनी सापळा ओळखलेला असतो.

तिसरं आकर्षण अनाटाकिटाकी गुहेतली कोपेका पाकोळी. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर गुहांमध्ये घरटी करणाऱ्या आपल्या पाकोळीची ही नातलग. अंधारात टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर ती वाट शोधते. गुहेपर्यंतची वाट धारदार प्रवाळखडकावरून जाते, इथे मऊ तळव्याचे बूट फाटतात. गुहेत डोक्यावरचा दिवा लाल उजेडाचा वापरा आणि घरट्यांवर रोखू नका. पक्षी उडाले की आवाज कान देऊन ऐका, मग दिवा घालवून पुन्हा ऐका.

भारतातून जाणाऱ्यांसाठी : नेहमीची वाट ऑकलंडवरून, तिथून रारोटोंगा साधारण चार तास. विमान बदलण्यापुरते थांबणार असाल तरी भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो विसरून अडकू नका. वाटेत तारीखरेषा ओलांडता, त्यामुळे ऑकलंडहून निघाल्यावर आदल्या दिवशी पोचता. फेरीची नोंदणी करताना तारखेचा घोळ होतो तो इथेच. ईमेलमध्ये वार आणि तारीख दोन्ही लिहा. चलन न्यूझीलंड डॉलर. ऑकलंड-वेलिंग्टनच्या मराठी कुटुंबांना हे सगळं फारच सोपं, त्यांनी तर हिवाळी सुट्टीत जाऊन यावंच.

वेळासच्या कासव महोत्सवाला गेलेल्यांना या फेरीत ओळखीचं काहीतरी जाणवेल. तिथे पाहुण्याचा पैसा गावातल्या घरी राहण्या-जेवण्यातून पोचतो, इथे तिकिटातून. पण वेळासचं काम हंगामी आहे. अंडी निघाली, पिल्लं समुद्रात गेली की गाव मोकळं. टाकिटुमूत पेट्या वर्षभर सांभाळाव्या लागतात, वेली छाटाव्या लागतात, पायवाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, आणि ते सगळं करणारी माणसं संख्येने थोडी आहेत. म्हणून परतताना वाटाड्याला विचारा, सध्या काय कमी पडतंय. उत्तर बहुधा साधं असेल : बॅटरी, हातमोजे, कोयत्याची धार लावायची कानस.

बुटांची गोष्ट राहिली. मिकानिया आपल्याकडेही घाटात आणि केरळात पसरलेली आहे. तिचं बी केसाळ, हलकं, बुटाच्या खोबणीत आणि पिशवीच्या शिवणीत बसतं. निघण्याआधी घरी बूट ब्रशने घासून, पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून न्या. खिसे उलटे करून झटका. फेरी संपल्यावर अटिऊला जाण्याआधी हेच पुन्हा करा, आणि वाळायला एक रात्र द्या.